कोळवणच्या गारव्यात सीपॅप

पौड मागे टाकून आपण कोळवणच्या खोऱ्यात शिरता, तेव्हा आषाढातला गारवा प्रथम अंगाला भिडतो. चिन्मय विभूतीच्या परिसरात चार दिवस शांतपणे राहावे, असा आपला बेत असेल आणि सामानात सीपॅप यंत्र असेल, तर या गारव्याची आधीच ओळख करून घ्यावी. यंत्रातली उबदार, दमट हवा गार नळीत निवते. मध्यरात्री नळी गुरगुरू लागते, नाकाशी थेंब येतात. कंटाळून मुखवटा काढला, की झोपेत श्वास अडण्याचे जुने दुखणे त्याच रात्री परतते. त्याऐवजी यंत्र उशीपेक्षा खाली, बुटक्या स्टुलावर ठेवावे, नळी पांघरुणाखालून घ्यावी आणि आर्द्रता एक पायरी उतरवावी.

इथले विहिरीचे पाणी कितीही गोड लागो, भांड्यात डिस्टिल्ड पाणीच घालावे. क्षार साचत नाहीत. मुखवट्याची गादी रोज सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावी. पावसात नळी लवकर वाळत नाही, हे खरे. ती रात्रीऐवजी सकाळीच धुवावी.

वीज गेल्यास मुखवटा लगेच काढावा. बंद यंत्रावर तो लावून झोपणे धोक्याचे. सोबतच्या माणसाने विजेरी उशाशी ठेवावी.

परतताना भांडे रिकामे केले ना, हे गाडीत बसण्यापूर्वी पाहावे.