कॅमेऱ्याचे वजन आणि चढणीचा हिशेब

कॅमेऱ्याची निवड करताना तीन गोष्टी एकमेकींच्या आड येतात: त्याचा आकार व वजन, त्याचा अष्टपैलूपणा, म्हणजे विस्तीर्ण दरीपासून दूरच्या पक्ष्यापर्यंत निरनिराळे विषय एकाच साधनाने टिपण्याची सोय, आणि प्रतिमेची गुणवत्ता, म्हणजे चित्रातला तपशील, उजेड-सावलीच्या छटांची श्रेणी व मंद प्रकाशातही टिकणारी स्वच्छता. या तिन्ही एकाच वेळी पुरत्या हाती लागत नाहीत, हे या कलेत नव्याने उतरलेल्यालाही लवकरच कळते. मात्र तिन्हींपैकी आधी कशावर पाणी सोडावे, हा प्रश्न बहुधा ज्याच्या त्याच्या आवडीवर सोपवला जातो. सह्याद्रीतील गड, घाटवाटा आणि पठारे हे ज्याचे कार्यक्षेत्र आहे, त्या छायाचित्रकारापुरता तरी हा आवडीचा प्रश्न नाही. तिथे पहिल्यांदा अष्टपैलूपणा सोडावा आणि गुणवत्ता अगदी शेवटपर्यंत धरून ठेवावी, असा या लेखाचा पक्ष आहे, आणि त्यामागची कारणे काही प्रकाशाच्या नियमांत आहेत, तर काही डोंगराच्या घडणीत.

वजन येते कुठून, हे आधी पाहिले पाहिजे. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन लोलकातून डोळ्यापर्यंत जात असे, आणि हा आरसा व लोलक यांनी बॉडीतली, म्हणजे लेन्स वगळता उरणाऱ्या कॅमेऱ्यातली, बरीच जागा व्यापलेली असे. 2008 मध्ये मायक्रो फोर थर्ड्स ही पद्धत जाहीर झाली आणि आरसा काढून टाकलेले, तरीही लेन्स बदलता येणारे छोटे कॅमेरे बाजारात आले. 2013 मध्ये आलेल्या सोनी ए7 या कॅमेऱ्यात तर 36 × 24 मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा ‘फुल फ्रेम’ सेन्सर असूनही त्याची बॉडी बॅटरीसह पाचशे ग्रॅमच्या आत राहिली. पण आरसा गेला म्हणून लेन्स हलकी झाली नाही, आणि होणारही नव्हती. लेन्सवर लिहिलेला एफ-आकडा म्हणजे तिच्या केंद्रांतराला प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या. त्यामुळे 600 मिलिमीटर एफ/4 लेन्सला 150 मिलिमीटर व्यासाचे प्रकाशद्वार लागतेच, मग तिच्यामागे बॉडी कितीही चिमुकली असो. व्यास वाढला की सगळ्याच दिशांनी काच वाढत जाते आणि वजन व्यासापेक्षा कितीतरी वेगाने चढते. बॉडीच्या वजनाची तुलना करत बसलेले अनेक जण खांदे दुखू लागल्यावर ज्या वजनाचा विचार करतात, ते खरे तर लेन्सचे असते.

गुणवत्तेचा हिशेब सेन्सरच्या क्षेत्रफळापासून सुरू होतो. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ 864 चौरस मिलिमीटर, एपीएस-सी या मधल्या मापाचे साधारण 370, मायक्रो फोर थर्ड्सचे 225, आणि मोबाइलमधल्या मोठ्या समजल्या जाणाऱ्या मुख्य सेन्सरचे सत्तरच्या आसपास. प्रकाश हा कणांच्या रूपाने, अनियमितपणे येऊन पडतो. थोडे कण गोळा झाले की ती अनियमितता चित्रात रवाळ ठिपक्यांच्या रूपाने दिसू लागते, आणि तिलाच छायाचित्रकार ‘नॉइज’ म्हणतात. चौपट प्रकाश गोळा केला तर नॉइजच्या तुलनेत चित्र दुप्पट स्वच्छ होते, हा सांख्यिकीचा नियम आहे. सॉफ्टवेअरने तो सुसह्य करता येतो, रद्द करता येत नाही.

आता या दोन्ही हिशेबांत अष्टपैलूपणा कुठे बसतो, ते पाहावे. 18 ते 200 मिलिमीटरसारखी लांब पल्ल्याची झूम लेन्स प्रवासी छायाचित्रकाराला फार मोहात पाडते, कारण तिच्यात सारे काही सामावल्यासारखे वाटते. परंतु तिच्या दूरच्या टोकाला एफ-आकडा बहुधा 6.3 पर्यंत चढलेला असतो, आणि एफ/2.8 च्या तुलनेत तिथे प्रकाशाचा जेमतेम पाचवा हिस्सा आत येतो. एवढ्या पल्ल्यात भिंगांचे गट पुढेमागे सरकत राहायचे असल्याने प्रत्येक केंद्रांतरावर काही ना काही तडजोड करावी लागते. कडा मऊ पडतात, सरळ रेषा किंचित वाकतात. याउलट एकाच केंद्रांतराची, म्हणजे ‘प्राइम’ लेन्स कायमची बसवलेला कॅमेरा घ्यावा. लेन्स काढायची नसल्याने तिचे मागचे भिंग सेन्सरच्या अगदी जवळ आणता येते, कॅमेरा बंद केल्यावर ती आत मिटते, आणि रिको जीआर थ्रीसारखा, एपीएस-सी सेन्सर व फुल फ्रेमच्या 28 मिलिमीटरइतका दृष्टिकोन देणारी एफ/2.8 लेन्स असलेला कॅमेरा बॅटरीसह 257 ग्रॅममध्ये तयार होतो. अष्टपैलूपणा सोडताच आकार व गुणवत्ता या दोघी एकमेकींशी भांडेनाशा होतात, याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

छायाचित्रणाचा इतिहासही हेच सांगतो. सॅम्युएल बोर्न यांनी 1860 च्या दशकात हिमालयाच्या मोहिमा केल्या, तेव्हा ओल्या कलोडियनची पद्धत होती. काचेवर रसायन चढवणे, ती ओली असतानाच प्रकाशात उघडणे आणि वाळण्यापूर्वी धुणे हे सगळे जागेवरच करावे लागे, म्हणून अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि काचांच्या पेट्या बरोबर न्याव्या लागत. 1866 मध्ये मनिरंग खिंडीत, अठरा हजार फुटांहून अधिक उंचीवर त्यांनी चित्रे घेतली, आणि त्या चित्रांतला तपशील आजही थक्क करतो. ती गुणवत्ता डझनावारी हमालांच्या पाठीवरून वर चढली होती, आणि चित्रांच्या श्रेयात त्या माणसांना जागा मिळाली नाही, हे त्या चित्रांकडे पाहताना विसरले जाऊ नये. वजनाचा प्रश्न तिथे सुटला नव्हता, तो दुसऱ्यांवर लादला गेला होता. पुढे ऑस्कर बारनाक या दम्याने त्रस्त जर्मन तंत्रज्ञाला काचपट्ट्यांचा कॅमेरा डोंगरात वागवणे झेपेना, आणि सिनेमाच्या फिल्मची चौकट दुप्पट करून त्याने जो लहान कॅमेरा घडवला, तो 1925 मध्ये लाइका या नावाने लाइपझिगच्या जत्रेत मांडला गेला. या पहिल्या लाइकाची 50 मिलिमीटरची लेन्स बदलता येत नव्हती. 1969 मध्ये अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी चंद्रपृष्ठावर जो हॅसलब्लाड कॅमेरा वापरला, त्यालाही 60 मिलिमीटरची एकच लेन्स होती. 70 मिलिमीटर रुंदीच्या फिल्मची मोठी चौकट त्यांनी सोडली नाही, मात्र परतताना वजन वाचवण्यासाठी कॅमेरा चंद्रावरच ठेवला आणि फिल्मची डबी तेवढी परत आणली. जागा जितकी अवघड, तितका साधनांचा पसारा आधी कमी झाला आहे. चौकट लहान करण्याची वेळ आली ती त्यानंतर.

अर्थात वजन हे नुसते तराजूवर ठरत नाही. होमाई व्यारावाला या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि 1942 पासून दिल्लीत वृत्तछायाचित्रकार म्हणून वावरल्या. स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा सायकलवरून घेऊन त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. शहराच्या रस्त्यावर चाक वजन वाहते. सह्याद्रीत ते काम गुडघ्यांना आणि तळपायांना करावे लागते, आणि कित्येक ठिकाणी हातही मोकळे राहत नाहीत.

हरिहर गडाच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत आणि त्यांच्या कडेला हाताची बोटे अडकवण्यासाठी खोबणी आहेत. त्या चढताना गळ्यात लोंबणारा जड कॅमेरा प्रत्येक पायरीला कातळावर आपटतो, शरीराचा तोल पुढे ओढतो, आणि म्हणून समजूतदार माणूस तो सॅकमध्ये बंद करतो. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर मोठमोठे धोंडे पार करत तासन्‌तास चढावे लागते, आणि तिथेही हेच घडते. सॅकमध्ये गेलेला कॅमेरा बाहेर काढण्यासाठी थांबावे लागते, सॅक उतरवावी लागते, बरोबरच्यांना ताटकळत ठेवावे लागते. दोन-तीनदा असे झाले की माणूस संकोचतो आणि माथ्यावर पोहोचल्यावरच कॅमेरा काढू, असे मनाशी ठरवून टाकतो. याचा परिणाम मराठी गिर्यारोहकांच्या चित्रसंग्रहांत उघड दिसतो: माथ्यावरची चित्रे विपुल, पण चढणीची, घामाची, अवघड टप्प्यावर दोर धरून उभ्या असलेल्या सोबत्याच्या चेहऱ्याची चित्रे विरळ. ती बहुतेक मोबाइलवरच निघालेली असतात. खिशात किंवा छातीवरच्या पट्ट्याला घट्ट बसणारा कॅमेरा नेमका हा मधला प्रदेश परत मिळवून देतो, आणि वजनाचे महत्त्व सोयीपेक्षा मोठे आहे ते यासाठी: कोणते क्षण चित्र होण्याच्या लायकीचे मानले जातील, ते वजनच परस्पर ठरवून टाकते.

पावसाळ्याने तर हा हिशेब आणखी कडक होतो. जून ते सप्टेंबर या काळात घाटमाथ्यावर लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरला ढगाच्या हवाली करणे होय, त्यामुळे सॅकमध्ये चार लेन्स असल्या तरी सकाळी जी लावली तीच संध्याकाळपर्यंत राहते, आणि उरलेल्या तीन केवळ ओझे म्हणून हिंडतात. पुढे सरकणारी झूम नळी प्रत्येक वेळी बाहेरची दमट हवा आत ओढते. तोच ओलावा पुढे भिंगांवर बुरशी धरतो, आणि कोकणातल्या घरांत ही बुरशी किती लवकर पसरते, ते तिथे राहणाऱ्या कॅमेरेवाल्यांना ठाऊक असते. खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यांचीही इथे एक उणीव आहे: त्यांतले बरेचसे पाण्यापासून सुरक्षित बनवलेले नसतात. ज्याला भर पावसातच काम करायचे आहे, त्याने सांध्यांना रबरी बंदोबस्त असलेली मध्यम आकाराची बॉडी आणि एकच तशीच बंदिस्त प्राइम लेन्स घ्यावी. काही शे ग्रॅमची ही वाढ सार्थ आहे.

एकाच लेन्सची खरी अडचण वेगळी आहे, आणि ती दडवून चालणार नाही. ‘पायांनी झूम करा’ हा सल्ला सपाटीवर ठीक आहे. बुरुजाच्या टोकावर किंवा अरुंद धारेवर एक पाऊलही मागे घेता येत नाही. हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याची अंतर्वक्र कमान 28 मिलिमीटरच्या चौकटीत मावत नाही. तिथे कॅमेरा उभा धरून, प्रकाशाची मापे कायम ठेवून, एकमेकांवर थोडी चढणारी चार-पाच चित्रे घ्यावी आणि नंतर जोडावी. असे जोडचित्र रुंद लेन्सची उणीव भरून काढतेच, शिवाय त्यातला तपशील एका चौकटीपेक्षा कितीतरी अधिक असतो. कड्यावरून क्वचित दिसणाऱ्या इंद्रवज्रासाठी, म्हणजे ढगावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवतीच्या रंगीत वलयासाठी, असली तारांबळ लागत नाही. ते वलय आकाशाचा लहानसा भाग व्यापते आणि चित्राचा मधला तुकडा कापून घेतला तरी पुरते. 24 मेगापिक्सेलचे चित्र 300 ठिपके प्रति इंच या मापाने 20 × 13 इंचांपर्यंत छापता येते, आणि दिवाळी अंकाच्या एका ए4 पानाला पावणेनऊ मेगापिक्सेलच लागतात. अर्ध्याहून अधिक चित्र कापून टाकले तरी पान निभावते, ही गोष्ट लांब लेन्स नसल्याची हळहळ बरीच कमी करते.

गुणवत्ता शेवटपर्यंत धरून ठेवावी, असे म्हणण्याचे कारण त्याच गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत सापडते. पाण्यात उभे शिवलिंग, भोवतीच्या चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एकच, आणि तोंडाशी बाहेरचा लख्ख उजेड: इतक्या टोकाच्या छटा एका चौकटीत सांभाळताना लहान सेन्सर एक तर उजेड जाळतो किंवा काळोखात कातळाचा पोत गमावतो. मोबाइल अनेक चित्रे झरझर घेऊन, त्यांची बेरीज करून ही उणीव भरून काढतो आणि स्थिर कातळावर ते छान साधतेही. पण कासच्या पठारावर वाऱ्याने डोलणारी सीतेच्या आसवांची इवली फुले त्या बेरजेत पुसट होतात, आणि कॅमेऱ्यातील गणिताने रंगवलेल्या पाकळ्या वनस्पतीच्या नोंदीसाठी विश्वासार्ह राहत नाहीत. गुहेसाठी ट्रायपॉड वर नेण्याचीही गरज नसते. कॅमेरा सॅकवर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावला तर हाताचा हादरा लागत नाही.

या मांडणीला खरे आव्हान पक्ष्यांचे आहे. आंबोलीच्या किंवा गोव्याच्या दाट रानात, दिवसाही संध्याकाळ वाटावी अशा उजेडात कर्णा पक्षी फांदीवर निश्चल बसलेला असतो, आणि तिथे 28 मिलिमीटरची लेन्स निरुपयोगी आहे. मोठे प्रकाशद्वार वाहून नेण्याला पर्याय नाही. तरीही तिथले अनुभवी लोक काय निवडतात, ते पाहण्यासारखे आहे. 2018 मध्ये निकॉनने फेज फ्रेनेल भिंगाची, म्हणजे पृष्ठभागावरच्या सूक्ष्म वलयांनी प्रकाश वळवून बाकीची काच वाचवणारी, 500 मिलिमीटर एफ/5.6 लेन्स आणली; 1,460 ग्रॅम वजनामुळे ती ट्रायपॉडविना हाती धरता येते, आणि पक्षी टिपणाऱ्या पुष्कळांनी लांब पल्ल्याच्या झूमऐवजी ती पत्करली. म्हणजे पक्ष्यांच्या पाठीमागे जाणाराही प्रथम अष्टपैलूपणाच सोडतो, फक्त वेगळ्या टोकाला. लग्नसमारंभाचे छायाचित्रण मात्र या नियमात बसत नाही: अंतरपाट धरलेला आणि अक्षता उडण्याचा क्षण परत येत नाही, जागा बदलायला वाव नसतो, म्हणून दोन बॉडी, दोन झूम आणि त्या वागवणारा मदतनीस हे तिथले रास्त साधन आहे. गडावर जाणाऱ्याने ते तिथेच राहू द्यावे, आणि कर्ण्यासाठी रानात शिरताना दरीचे रुंद चित्र हुकणार, हे निघतानाच मान्य करून 500 मिलिमीटरखेरीज दुसरी लेन्स सॅकमध्ये भरू नये.