मुक्कामाची मुदत

निवृत्त झालेल्या माणसाने काय करावे याविषयी आपल्याकडचे संकेत ठरलेले आहेत. सकाळी फिरायला जावे, परतताना दूध आणि कोथिंबीर आणावी, दुपारी वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवावे आणि संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून देशाची चिंता करावी. फार तर चारधाम यात्रा करावी, किंवा नर्मदा परिक्रमेचा विचार नुसता बोलून दाखवावा. माझा थोरला भाऊ बँकेतून साठाव्या वर्षी निवृत्त झाला. सहा महिने त्याने हे सर्व व्रतस्थपणे केले. मग एका रविवारी आमच्या घरी येऊन, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता तो म्हणाला, "आम्ही दोघं चियांग मायला जाऊन राहायचं म्हणतोय."

"किती दिवस?" आमच्या हिने विचारले.

"कायमचं."

माझ्या हातातला चमचा हातातच राहिला. चियांग माय हे थायलंडच्या उत्तरेचे, डोंगरांच्या सोबतीने वसलेले शहर. १२९६ साली लान्ना राज्याची राजधानी म्हणून ते वसवले गेले. जुन्या गावाभोवतीचा चौकोनी खंदक अजून पाण्याने भरलेला आहे. दोन वर्षांपूर्वी दादा आणि वहिनी सहलीला म्हणून तिथे गेले होते, आणि इतर मंडळी खरेदी करीत असताना हे दोघे त्या खंदकाच्या काठी बसून राहिले होते. तेव्हाच ते बीज पडले असावे.

त्यांची मुलगी सिडनीला असते. परदेशी राहायचेच, तर तिच्याकडे का नाही, असे मी विचारले. त्यावर दादाचे उत्तर तयार होते. "मुलीकडे आपण नातवंडं सांभाळायला असतो, राहायला नसतो."

मी मराठीचा प्राध्यापक. पण आमच्या घरात असा एक समज आहे की, ज्याला ज्ञानेश्वरी समजते त्याला कोणताही सरकारी कागद समजला पाहिजे. त्यामुळे पुढच्या रविवारपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर थायलंडच्या नियमांचे पारायण सुरू झाले. दादाने आयुष्यभर इतरांच्या कर्जाचे कागद तपासले होते. स्वतःचे कागद तपासताना मात्र त्याला दुसरा माणूस जवळ लागत होता.

थायलंडला निवृत्त परदेशी माणूस चालतो. वय ५० च्या पुढे हवे, आणि पैसे हवेत. एक तर महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावे, किंवा तिथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवावेत. बाटाला अडीच रुपये धरले तरी महिना एक लाख बासष्ट हजार रुपये झाले. दादाचे निवृत्तिवेतन त्याच्या आसपासही फिरकत नव्हते. राहिला दुसरा मार्ग, वीस लाखांचा. मौज अशी की हे पैसे खर्चायचे नाहीत. अर्जापूर्वी दोन महिने ते खात्यात हवेत, परवानगी मिळाल्यावर तीन महिने त्यांना हात लावायचा नाही, आणि नंतरही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. शिवाय मिळणारी परवानगी एका वर्षाची. दर वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा पासबुक, पुन्हा फोटो.

"म्हणजे वीस लाख रुपये नुसते देवापुढच्या नारळासारखे ठेवायचे," वहिनी म्हणाली.

आपल्या बाजूने पैसे पाठवायला फारशी आडकाठी नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात. हा आकडा वाचून दादाला हसू आले. "सरकार आपल्याला फारच मोठा माणूस समजतं रे!" तो म्हणाला.

मग प्रश्न आला घराचा. कोथरूडचा फ्लॅट विकून तिकडे घर घ्यावे, असा दादाचा मूळ बेत होता. परंतु थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो. मात्र एका इमारतीतल्या फ्लॅटांच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांच्या मालकीचे असू शकते, आणि त्याची किंमत परदेशातून आणलेल्या चलनात चुकती करावी लागते. एवढे करून फ्लॅट घेतला, तरी त्यामुळे तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही. घर तुमचे, पण घरात राहण्याची परवानगी वर्षाची! जमीन भाडेपट्ट्याने घेतली तर पट्टा जास्तीत जास्त ३० वर्षांचा.

"तीस वर्षांनी घराबाहेर काढलं तर?" मी गंभीरपणे विचारले.

"तेव्हा मी एक्क्याण्णव वर्षांचा असेन," दादा म्हणाला. "मला घराबाहेर काढायला तोवर दुसरंच कुणी आलेलं असेल."

अखेर फ्लॅट विकायचा नाही, भाड्याने द्यायचा, आणि तिकडे भाड्याने राहायचे असे ठरले. दादाने पाहून ठेवलेल्या एका झोपायच्या खोलीच्या फ्लॅटचे भाडे होते महिना बारा हजार बाट, म्हणजे तीस हजार रुपये. वर दोन महिन्यांची अनामत. कोथरूडच्या फ्लॅटचे भाडे येणार होते बत्तीस हजार. पस्तीस वर्षांच्या नोकरीची आणि एका मोठ्या गृहकर्जाची बेरीज-वजाबाकी होऊन हातात दोन हजार रुपये उरत होते. दादाने वहीत त्या दोन हजारांखाली दोन रेघा मारल्या.

सर्वांत मोठी अडचण निघाली ती वहिनीची. तिला वेगळे वीस लाख नकोत. नवऱ्याची आश्रित म्हणून तिला परवानगी मिळू शकते. त्यासाठी विवाहाचा दाखला हवा. आता, १९९० साली मंगल कार्यालयात, चारशे माणसांच्या साक्षीने, भर उन्हाळ्यात लागलेल्या लग्नाचा दाखला कोणी काढला होता? नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही हवी. गुरुजी कैलासवासी होऊन दशक उलटलेले. त्यावर प्रतिज्ञापत्राचा तोडगा निघाला. साक्षीदार म्हणून मी उभा राहिलो, तर खिडकीतल्या कारकुनाने माझी जन्मतारीख पाहिली आणि म्हणाला, "तुम्ही लग्नात अकरा वर्षांचे होता. म्हणजे जेवायला आला होतात, साक्षीला नव्हे." शेवटी वहिनीच्या थोरल्या भावाला सांगलीहून बोलवावे लागले. दाखला हाती आला त्या दिवशी वहिनीने पेढे वाटले. चौतीस वर्षांच्या संसारानंतर आपण विवाहित असल्याचे तिला लेखी कळले होते.

पण त्या दाखल्याला एक दुसरी बाजूही होती, आणि ती वहिनीनेच काढली. "ह्यांच्यामुळे मला तिथं राहता येणार. उद्या हे नसले तर?" कोणी उत्तर दिले नाही. आश्रिताची परवानगी ज्याच्यावर अवलंबून, तो गेला की तीही गेली. हे कागदात स्पष्टच होते. दादाने चष्मा पुसला. "तेव्हा तू परत ये," तो म्हणाला. "म्हणून तर कोथरूडचं घर विकत नाही."

हे सर्व चालू असताना मी एक प्रामाणिक सल्लागार होतो, असे मी स्वतःला सांगत होतो. पण दादाच्या प्रत्येक कागदात मी खुसपट काढीत होतो. सत्तरीनंतर आरोग्यविम्याचे हप्ते कसे चढतात हे मी त्याला दोनदा सांगितले. फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत शेते आणि जंगले जाळल्यामुळे चियांग मायची हवा कशी धुराने भरते, हे मी फोटो दाखवून सांगितले. तिथे राहून कसलेही काम करायला परवानगी नाही, म्हणजे नुसते बसून तू कंटाळशील, असेही म्हणालो. एक दिवस ही म्हणाली, "तुम्हाला ते जायला नको आहेत की आई इथं यायला नको आहेत?"

मी काही बोललो नाही. कारण ते खरे होते.

आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून ती दादाकडे असते. आमच्याकडे ती गणपतीला येई, मुलांच्या सुट्टीत पंधरा दिवस येई आणि "माझी तुळस वाळेल" असे म्हणून परत जाई. आईला दोन मुलगे आहेत, आणि थोरल्याकडे ती राहते, ही व्यवस्था मला इतकी सोयीची झाली होती की तिला मी व्यवस्था न म्हणता रीत म्हणू लागलो होतो. दादा निघाल्यावर तिचे माप उघड्यावर आले. पंधरा वर्षे त्याने जे केले त्याबद्दल त्याने माझ्याकडे कधी पासबुक मागितले नव्हते. मी मात्र त्याच्याकडे थायलंडच्या कचेरीपेक्षा अधिक कागद मागत होतो.

२०२४ च्या डिसेंबरात दादा आणि वहिनी गेले. त्याच्या आदल्या महिन्यात आई कोथरूडहून आमच्याकडे कर्वेनगरला आली. अंतर दोन-अडीच किलोमीटर. दोन ट्रंका, देव्हारा, तुळशीची कुंडी आणि बाबांची काठी, असा ऐवज टेंपोतून उतरला. दादाच्या स्थलांतरासाठी आम्ही आठ रविवार टेबलाभोवती बसलो होतो. आईच्या स्थलांतराला एक दुपार पुरली.

दादाची पत्रे, म्हणजे मोबाइलवरचे लांबलचक निरोप, येऊ लागले. तिकडे दर ९० दिवसांनी परदेशी माणसाने आपला पत्ता सरकारला कळवायचा असतो. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत घरमालकानेही ते कळवायचे. "पहिल्या खेपेला आम्ही दोघं रांगेत उभे राहिलो. तुझ्या वर्गातल्या मुलांसारखी हजेरी दिली. फरक एवढाच, की इथं कुणी दुसऱ्याची हजेरी लावत नाही," त्याने लिहिले. मार्चअखेर धूर वाढला तेव्हा दोघे महिनाभर इकडे आले; निघण्यापूर्वी परत प्रवेश करण्याची परवानगी काढून आले. ती न काढता देश सोडला, तर वर्षाची परवानगी रद्द होते. आपण भाडे भरतो त्याच घरी परतण्यासाठी त्यांनी शुल्क भरले होते.

त्या महिन्यात दादाने मला एक शब्द आणून दिला. थाई भाषेत आपले कितीतरी शब्द आहेत. प्राध्यापकाला 'आचान' म्हणतात, तो आपला आचार्य. अयोध्या तिकडे 'अयुत्थया' होऊन बसली आहे. पण दादाने आणलेला शब्द निराळा होता: 'खॅक'. या शब्दाचा अर्थ पाहुणा. आणि हिंदी माणसालाही तिकडे खॅकच म्हणतात.

"म्हणजे कितीही वर्षं राहा, पाहुणाच," मी म्हणालो.

"हो," दादा म्हणाला. "पण मला ते ठाऊक असतं रे. ठाऊक असलं की त्रास होत नाही."

ते गेल्यावर दोन दिवसांनी सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "गॅस लावू का गं? थोडा चहा करीन म्हणते." ही आतून म्हणाली, "अहो आई, विचारता काय!" वाक्य साधेच. पण मी पेपर खाली ठेवला. आई पाच महिने रोज असेच विचारत होती. पंखा लावू का? हा डबा घेऊ का? तुळस गॅलरीत या बाजूला ठेवली तर चालेल? आमच्यापैकी कोणी तिला कधी नाही म्हटले नव्हते. पण तिने विचारू नये, असे वाटण्यासारखेही काही केले नव्हते. देव्हारा अजून बैठकीच्या खोलीतल्या स्टुलावर होता, जणू तो उचलून परत न्यायचा आहे. 'दादा परत आला की' या शब्दांनी आमच्या घरातली निम्मी वाक्ये सुरू होत होती.

तिच्या निवृत्तिवेतनाच्या बँकेने पत्ता बदलण्याविषयी कळवले होते. मी ते कागद टाळत होतो. त्याच आठवड्यात ते काढले. आधार कार्डावरचा पत्ता कुटुंबप्रमुखाच्या संमतीने बदलण्याची सोय २०२३ पासून झाली आहे. ही व्यक्ती माझी आई असून माझ्या घरी राहते, असे मी लिहून द्यायचे होते. आईने चष्मा लावून तो कागद शेवटपर्यंत वाचला.

"कुटुंबप्रमुख तू?" तिने विचारले आणि मनापासून हसली. मीही हसलो. मग तिने कागद उलटून पाहिला.

"किती दिवसांसाठी, ते कुठं लिहायचं?"

"ते लिहायचं नसतं, आई."

"दादा आला की पुन्हा बदलायचा का?"

"नाही. आला तरी नाही."

तिने सही केली. सही करताना हात थोडा कापला, पण नाव पूर्ण लिहिले. त्या रविवारी सुताराला बोलावून देव्हाऱ्यासाठी भिंतीत फळी ठोकून घेतली. तो खिळे ठोकीत असताना आई मागे उभी राहून "जरा वर, अजून जरा वर" असे सांगत होती. आणि सुताराला चहा द्यायला म्हणून ती आत गेली, तेव्हा गॅस पेटल्याचा आवाज आला. त्याच्या आधी कोणताही प्रश्न ऐकू आला नाही.

चहा भलताच गोड झाला होता. सुतार म्हणाला, "झकास!" आम्हीही तसेच म्हणालो.

नोव्हेंबरात तिकडे, साधारण आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, लोक केळीच्या सोपटाच्या द्रोणांत दिवे लावून पाण्यात सोडतात. दादाने त्याचा फोटो पाठवीन म्हटले आहे. त्याच महिन्यात त्याला पुण्याच्या बँकेत हयातीचा दाखलाही द्यायचा आहे. आईलाही तिचा द्यायचा आहे. तिच्या अर्जावर या वेळी आमचा पत्ता असेल.