बुलेटचं टायमिंग

बोपदेव घाटात आमची जुनी बुलेट ३५० तिसऱ्या गिअरवर दम टाकायला लागली. सायलेन्सरही नको इतका तापत होता. टायमिंग मागे पडल्याचीच ही लक्षणं. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ब्युरेटरला हातही न लावता मी आधी पॉइंटचं झाकण काढलं.

पॉइंटच्या एका तोंडावर बारीक खड्डा, समोरच्या तोंडावर तेवढंच टेकाड. कानस हलक्या हाताने फिरवली, पेट्रोलच्या फडक्याने पुसलं आणि फिलर गेज घालून गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये बसवला. गॅप आधी, टायमिंग नंतर. यात घाई करून चालत नाही. गॅप बदलला की पॉइंट उघडण्याची वेळ बदलते, आणि मग नंतर केलेली सगळी मेहनत वाया.

गाडी मेन स्टँडवर, चौथा गिअर, प्लग बाहेर. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून मागचं चाक हाताने पुढे फिरवत गेलो. अंगठ्याला हवेने ढकललं, म्हणजे कॉम्प्रेशन स्ट्रोक आला. मग सायकलच्या चाकाची तार आत सोडली. पिस्टन अगदी वर पोचला की चाक थोडं फिरलं तरी तार जागची हलत नाही, त्यामुळे खरा टोकाचा बिंदू डोळ्यांनी पकडता येत नाही. तार चढताना एका खुणेवर आणि उतरताना त्याच खुणेवर आली, तेव्हा टायरवर खडूने रेघा मारल्या. दोन रेघांच्या मधोमध वरचं टोक.

ठिणगी पडायला हवी त्याआधी ०.८ मिलिमीटरवर. पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटरचा, त्यातलं हे एवढंसं अंतर! शिवाय कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून डिस्ट्रिब्युटर एक अंश हलला की क्रँकवर दोन अंशांचा फरक पडतो. चाक थोडं मागे घेऊन पुन्हा पुढे आणत तारेवरच्या या ०.८ मिलिमीटरच्या खुणेवर थांबवलं, म्हणजे गिअरच्या दातांमधला ढिलेपणा निघून जातो.

चावी लावली. पॉइंट मिटलेले असताना अँपिअर मीटरचा काटा उणेकडे झुकलेला होता. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला करून तो नखभर फिरवला आणि काटा टुणकन शून्यावर आला. पॉइंट उघडले ते नेमके इथे! क्लॅम्प आवळला आणि कॉइल तापू नये म्हणून लगेच चावी बंद केली. आवळताना डिस्ट्रिब्युटर सरकतो, म्हणून चाक फिरवून काटा पुन्हा तपासला.

बाजारात इलेक्ट्रॉनिक इग्निशन मिळतं, आणि रोज लांब जाणाऱ्याने ते जरूर बसवावं. मी मात्र पॉइंटच ठेवले आहेत. दोष डोळ्यांना दिसतो, हाताने दुरुस्त होतो, आणि गाडी आतून समजत जाते. हा आनंद मला सोडवत नाही.

संध्याकाळी घाटात गाडीने तिसऱ्यावर चढ सहज ओढला. किक उलटी आली नाही, इंजिन खडखडलंही नाही, म्हणजे टायमिंग फार पुढेही गेलेलं नाही. नवा पॉइंट घातला असेल तर काही दिवसांनी गॅप पुन्हा मोजावा लागतो, कारण टाचेचं फायबर सुरुवातीला लवकर झिजतं. गॅप कमी होतो आणि टायमिंग परत मागे सरकतं.