सुकेळ्याचं वजन

दप्तराच्या पुढच्या कप्प्यात मीटर, पट्ट्यांची डबी, इन्सुलिनचं पेन, दोन जादा सुया, ग्लुकोजची पुडी. मागच्या कप्प्यात सहावीची पुस्तकं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको, असा नियम आहे. पुढचा कप्पा त्यात धरायचा की नाही, हे नियमात नाही.

*

विरारजवळच्या आमच्या आगाशीतल्या मे महिन्यात पोर घटाघटा पाणी पितं, याचं नवल कोण करणार? मुलगी आठ वर्षांची होती. रात्री गादी ओली व्हायला लागली तेव्हा तिला रागावलो. फ्रॉक ढगळ झाला तेव्हा उंची वाढतेय म्हणालो. एका दवाखान्यात जंतांचं औषध मिळालं, तेही निमूट पाजलं. मोरीत मुंग्या लागतात हे पहिल्यांदा आईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, लक्षात आलं. आपल्या जुन्या वैद्यांनी मधुमेह ओळखला तो याच खुणेवरून. आजीने त्यांचं काही वाचलेलं नाही, मोरी धुते ती.

मग पोटदुखी, उलट्या, धाप. चार दिवस आयसीयू.

*

साखर खाल्ल्याने हा आजार, टाइप वन मधुमेह, होत नाही. शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकते, का ते नीट कळलेलं नाही. हे वाक्य मी तीन वर्षांत इतक्यांदा म्हटलंय, की गावातल्या चाळपेठेत कुणी "लहानपणी गोड फार दिलंत का हो?" विचारलं तर आता नुसतं "हो" म्हणतो. रिक्षा सुटायची असते.

*

सुचवलेले उपाय: कारल्याचा रस, भिजवलेल्या मेथ्या, विजयसाराच्या पेल्यातलं पाणी. आगाशीतल्या भवानीशंकराच्या देवळाजवळच्या पाण्याने त्वचारोग बरे होतात अशी समजूत जुन्या गॅझेटियरातही नोंदलेली आहे. एका काकूंच्या मते एवढं होतं, तर हेही होईल. काकूंवर राग नाही. सुचवणारे निदान आजाराचं नाव घेतात. आत्या घेत नाही. तिचं म्हणणं, "पोरीची जात आहे, पुढे लग्नाचं बघायचंय, गावभर कशाला?" गावभर नको, पण वर्गभर तरी कळायला हवं ना आत्या. वर्गात चक्कर आली तर उचलणार कोण?

*

पहिल्या वर्षी शाळेत सांगितलं गेलं, "वर्गात सुई नको, बाकीची मुलं घाबरतात." म्हणून ती संडासात जाऊन इन्सुलिन घ्यायची. हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं, तेही तिने सांगितलं म्हणून नव्हे. डबा खायला रोज उशीर का होतो, असं हिने, म्हणजे तिच्या आईने, विचारलं तेव्हा.

२०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना लिहिलं होतं, की अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळचं खाऊ द्यावं. त्याची प्रत शाळेला दिलेल्या अर्जाला जोडली. अर्ज घेतला, पोच दिली.

प्रत्यक्षात काम केलं ते शिपाई मावशींनी. त्यांनी खडूंच्या कपाटात एक खण रिकामा केला आणि त्यात ग्लुकोजचा डबा ठेवला. किल्ली कमरेला. दुसरा डबा पाण्याच्या पिंपामागे, "मी रजेवर असले तर" म्हणून. दुसऱ्या डब्याचं मला सुचलं नव्हतं.

*

साखर ७० च्या खाली गेली की 'लो'. तिला दोन चमचे ग्लुकोज, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धाने साखर रक्तात जायला वेळ लागतो. मुख्य म्हणजे एकटीला पाठवायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. एवढं एका कागदावर लिहून दिलं. कागद शिक्षकांच्या खोलीत लागला, वर नंतर स्नेहसंमेलनाची सूचना चिकटली.

गणिताच्या सरांनी कागद वाचला नव्हता. त्यांनी वही वाचली. एका तासाला तिचं अक्षर ओळ सोडून खाली उतरायला लागलं, सातचा एक झाला, हातचा राहिला. सर म्हणाले, "लक्ष कुठंय?" ती काहीच बोलली नाही. लो असताना ती बोलतच नाही. उद्धट वाटते, हट्टी वाटते. मावशींना बोलावलं, तपासलं, ४८. त्या दिवसापासून सर बाकांमधून फिरताना तिच्या अक्षराकडे बघतात. उतरलेलं दिसलं की बाकावर बोटाने दोनदा टकटक करतात. ती कप्पा उघडते. वर्ग चालू राहतो.

डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी केसपेपरवर लिहून घेतलं: अक्षर.

*

विरार लोकल, संध्याकाळ, दारातली गर्दी. फोन वाजतोय पण खिशापर्यंत हात जात नाही. भाईंदरची खाडी ओलांडल्यावर कसाबसा निघाला. हिचा मेसेज: "५४." नायगाव. "६१." वसई. "९८, डबा मागतेय." मग मी श्वास घेतला. शेजारचा म्हणाला, "मॅच आहे का?"

*

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, शाळाशाळांतून मुलं तपासणारा, देशात सुरू झाला तो आपल्या पालघरहून, फेब्रुवारी २०१३ मध्ये. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पथक शाळेत येतं, चांगलं काम करतं: दात, डोळे, कान, हृदय, फिट्स. सुरुवातीच्या यादीत तीस प्रकारचे दोष-आजार होते, मधुमेह नव्हता. दिव्यांग कायद्यात, २०१६ च्या, एकवीस प्रकार आहेत. थॅलेसेमिया आहे, सिकलसेल आहे, हिमोफिलिया आहे. हा नाही. तिला दिव्यांग म्हणावं असं मला वाटतही नाही. पण ज्याला रकाना नाही त्याची चौकशी करायला कुठल्या खिडकीवर जायचं?

*

वीज गेली की पहिला विचार फ्रीजमधल्या न उघडलेल्या इन्सुलिनचा. २ ते ८ अंश हवं. लावलेलं पेन महिनाभर बाहेर चालतं, पण एप्रिलच्या पत्र्याखाली 'बाहेर' म्हणजे काय? वर्गात तिचं पेन पाण्याच्या बाटलीला ओला रुमाल बांधून त्यात राहतं. फ्रीज नसलेल्या घरांना डॉक्टर मातीच्या मडक्याची युक्ती सांगतात: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, वर ओलं फडकं. आपल्याच जिल्ह्यात मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर असं पोर असेल, तर आधी त्याला ओळखायला कुणी हवं, मडकं पुढचं.

*

इन्सुलिन पहिल्यांदा मिळालं ते चौदा वर्षांच्या मुलाला. टोरांटो, जानेवारी १९२२, लिओनार्ड थॉम्पसन. पहिलं इंजेक्शन फसलं, औषध पुरेसं शुद्ध नव्हतं. बारा दिवसांनी दुसरं दिलं, ते लागू पडलं. शोधकांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. ही गोष्ट तिला फार आवडते, डॉलरची विशेष.

परवा विचारलं, "मग तो शाळेत गेला?"

"बरा होऊन घरी गेला."

"किती वर्षं जगला?"

आणखी तेरा. खरं सांगितलं. म्हटलं, तेव्हा मीटर नव्हतं, पेन नव्हतं. तिने बोटांवर मोजलं, "सव्वीस-सत्तावीस," म्हणाली आणि भूगोल काढून बसली. मी मात्र बराच वेळ तिथेच.

*

रात्री तीनचा गजर. एक रात्र हिची, एक माझी. झोपेत बोट पुढे करते, डोळे न उघडता.

*

सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही मुलांना परीक्षेच्या वर्गात खाऊ न्यायची परवानगी दिली. यादीत केळं आहे. आमची शाळा राज्य मंडळाची, तरी ही यादी आजीला वाचून दाखवली. "केळं म्हणजे आपलंच की," आजी म्हणाली, जसं काही मंडळाने आगाशीला विचारून लिहिलं.

*

आत्याने सुकेळी पाठवली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, केळीच्याच सोपटात बांधलेली. करणारी घरं आता थोडी. आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात पोळी आहे, इडली आहे, पिझ्झासुद्धा आहे, सुकेळं नाही. वाळताना पाणी उडतं आणि साखर तिथेच राहते, तेव्हा ताज्या केळ्याचा आकडा उपयोगाचा नाही. आजीचं मत, देऊच नका. मी काटा काढला. सोपट सोडून वजन केलं, एकाचं चौतीस ग्रॅम, दुसऱ्याचं एकेचाळीस. फोनवर विचारून अंदाजाने युनिट ठरवले, चौतीसवालं डब्यात घातलं, चिठ्ठी ठेवली.

संध्याकाळी आकडा कमी आला. सुकेळं खाल्लंस ना?

"अर्धं."

आणि इन्सुलिन?

"पूर्ण. आधीच घेतलं होतं. मग तिने मागितलं."

कोणी?

"बाजूला बसते ती. तिने कधी बघितलंच नव्हतं, बाबा."

ग्लुकोज दिलं, पंधरा मिनिटं थांबलो. काटा अजून ओट्यावरच होता. उद्या दोन घालायची का, असं हिने विचारलं.