वहीतला शेवटचा रकाना

जांभळ्या टोपणाची नळी हातात आली की मी आधी तिच्यावरचं लेबल वाचतो. क्रमांक, गाव, जमात, तारीख. माणसाचं नाव नसतं, ते वेगळ्या वहीत, कुलपात असतं. मानवी लोकसंख्या-जनुकशास्त्रात पंचवीस वर्षं काढली, तरी त्या लेबलापाशी मी अजून थबकतो.

नवखा होतो तेव्हा वाटायचं, खरं काम प्रयोगशाळेत. पेशी फोडायच्या, प्रथिनं बाजूला काढायची आणि गार इथेनॉल हलक्या हातानं ओतायचं. नळी सावकाश उलटीसुलटी केली की पिंजलेल्या कापसासारखा पांढरा पुंजका तरंगू लागतो. तो डीएनए. आजही तो दिसला की हात क्षणभर थांबतो. पण त्या पुंजक्याला अर्थ येतो गावातल्या ओसरीवर बसून केलेल्या चौकशीमुळे. आजीचं माहेर कुठलं? आजोबा कुठून आले? सख्ख्या-चुलत भावंडांचे नमुने नकळत एकत्र आले, तर एका घराण्याची गोष्ट आपण साऱ्या जमातीच्या माथी मारून मोकळे होतो.

मोजमाप सांगेल तेच लिहायचं, हा धडा आमच्या पुण्यातच होता. पुण्याच्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे तरुणपणी बर्लिनला कवट्यांच्या असममितीवर संशोधन करत होत्या. तिचा वंशाशी संबंध आहे, असं त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर मानत. बाईंच्या मोजमापांत तो संबंध आढळला नाही आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. 1930 साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्रातल्या जातीजमातींची मोजमापं घेतली.

आमच्या पिढीच्या हाती जनुकं आली. 2009 साली 25 समूहांतल्या 132 भारतीयांच्या डीएनएवरून दिसलं, की बहुतेक सगळ्यांत दोन जुन्या प्रवाहांची सरमिसळ आहे, फक्त प्रमाण कमीजास्त. 2013 च्या अभ्यासानुसार ही सरमिसळ साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वी झाली आणि मग लग्नं जातीतल्या जातीत होऊ लागली. शुद्ध रक्ताचा दावा इथंच संपतो. पण बंद झालेल्या दारांचे परिणाम मात्र खरे आहेत. शस्त्रक्रियेत स्नायू सैल करायला दिलेल्या एका औषधाचा अंमल वैश्य समाजातल्या काहींच्या शरीरातून लवकर उतरत नाही, श्वास बराच वेळ यंत्रावर ठेवावा लागतो. लेबलावरची जमात डॉक्टरला उपयोगी पडते ती अशी.

हे सगळं मला माहीत होतं, तरी सातपुड्यात मी चुकलो. धडगावकडच्या एका पाड्यावर एका म्हातारीनं दंड पुढे केला आणि तिथल्या आशा सेविकेमार्फत विचारलं, "नातवाचे सांधे ठणकतात, रात्ररात्र रडतो. यात कळेल का?" आमची परवानगी आईकडच्या आणि वडिलांकडच्या वंशरेषा पाहण्यापुरती होती. "कळवतो," म्हणालो आणि नळी बर्फाच्या पेटीत ठेवली. शोधनिबंध छापून आला. पाड्यावर परत जायला मला तीन वर्षं लागली.

तिनं ओळखलं. आतून एक मळकं कार्ड आणून दाखवलं: सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. सरकारी दवाखान्यात निदान झालं होतं. मग तिनं विचारलं, "तुमचं काय निघालं?" तुमच्या आईकडची रेषा हजारो वर्षं याच भूमीतली आहे, असं मी सांगू लागलो. तिनं ऐकून घेतलं. "हो, इथलेच आम्ही," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. त्या ओसरीवर मला जितकी लाज वाटली, तितकी कुठल्याही परिषदेत वाटली नाही.

तेव्हापासून आमच्या शिबिराची सुरुवात सिकलसेलच्या परवानगीनं आणि बोटाच्या थेंबानं होते. थेंब द्रावणात टाकून नळी छापील ओळींसमोर धरायची. ओळी वाचता आल्या तर ठीक, गढूळ दिसल्या तर पुढची तपासणी. आईवडील दोघंही वाहक असतील, तर दर बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक, हे लग्नाआधी घरात कळायला हवं. वंशरेषांचा अभ्यास आजही करतो, तितक्याच ओढीनं. फक्त कुलपातल्या वहीत आता शेवटी एक रकाना आहे: "कळवलं, तारीख". तो रिकामा असेल, तर निबंध कितीही तयार असला तरी पाठवत नाही.