चार साब ते बडा साब

२६ मार्च २०२४. मध्यरात्र उलटून गेलेली. अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून बाहेर पडणाऱ्या ‘डाली’ या सुमारे ३०० मीटर लांबीच्या कंटेनर जहाजावरची वीज गेली. ती आली आणि पुन्हा गेली. जेमतेम चार मिनिटांत जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं, पूल नदीत कोसळला आणि पुलावर रस्तादुरुस्ती करणारे सहा मजूर प्राणांना मुकले. जहाजावरचे बहुतेक सगळे खलाशी आणि अधिकारी भारतीय होते. टीव्हीवर पूल पडताना वारंवार दिसत होता. माझ्यासारख्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला मात्र त्या चार मिनिटांत खाली अंधारात धावणारी पोरं दिसत होती.

तपास दीड वर्षाहून अधिक चालला आणि त्यातून कारणं समोर आली. पहिल्यांदा वीज गेली ती एका सैल वायरमुळे. वायरच्या टोकाशी नंबराचं लेबल चढवलेलं असतं. ते नीट बसवलेलं नव्हतं, म्हणून वायर टर्मिनलमध्ये पुरती आत गेलीच नव्हती. शिवाय जनरेटरला इंधन पुरवायला त्या कामासाठी नसलेला पंप वापरात होता. वीज परत आली तरी तो आपोआप सुरू होत नव्हता, त्यामुळे जनरेटर इंधनाविना उपाशी राहिले.

मरीन इंजिनिअर नेमकं काय करतो, असं कुणी विचारलं तर मी आता एवढंच सांगतो: तो ती वायर ओढून बघतो. हजारो वायरी, शेकडो व्हॉल्व्ह, रोज, कुणी सांगितलं नाही तरी.

मोठ्या जहाजाचं मुख्य इंजिन तीन-चार मजली इमारतीच्या उंचीचं असतं. मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे घेतं आणि मध्ये गिअरबॉक्स न घेता थेट प्रोपेलर फिरवतं. एवढं अजस्र धूड, पण त्याचा जीव विजेत. वंगणाचा, थंड पाण्याचा, इंधनाचा, सगळे पंप सहसा विजेवरचे. वीज गेली की वंगणाचा दाब पडतो आणि इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी थांबतं. वरच्या डेकवर इमर्जन्सी जनरेटर असतो. त्यानं ४५ सेकंदांच्या आत सुरू होऊन भार घ्यायला हवा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण त्याच्यावर चालणार दिवे, सुकाणू, आगीचा पंप अशी मोजकी कामं. जहाज पुढे नेणं त्याच्या कुवतीबाहेरचं.

ही साखळी जपायची म्हणून कामाची वाटणीही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. इंधन स्वच्छ करणारे प्युरिफायर आणि बरेचसे पंप फोर्थ इंजिनिअरकडे, जनरेटर आणि बहुधा बॉयलर थर्डकडे, मुख्य इंजिन आणि इंजिनरूमचा सगळा कारभार सेकंडकडे. सगळ्याचा जबाबदार चीफ. आपल्या जहाजांवर यांना चार साब, तीन साब, सेकंड साब आणि बडा साब म्हणतात. पदं बदलत जातात तसं एक-एक यंत्र हाताखालून जातं, आणि म्हणूनच बडा साब झालेल्या माणसाला खालच्या प्रत्येकाचं दुखणं ठाऊक असतं.

चार साबचा प्युरिफायर जवळून बघण्यासारखा आहे. जहाजाचं जड इंधन थंडीत डांबरासारखं घट्ट होतं. ते ९८ अंशांच्या आसपास तापवून मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या भांड्यातून काढतात, म्हणजे पाणी आणि गाळ बाहेर फेकला जातो. साफसफाईसाठी हे भांडं उघडायचं तर वरची रिंग उलट्या आट्याची असते, नवखा पोरगा नेमकी ती आवळत बसतो. आत पातळ तबकड्यांची चळत. एकेक काढायची, काळा चिकट गाळ पुसायचा आणि त्याच क्रमानं परत रचायची. शेजारच्या प्युरिफायरचा भाग याला लावायचा नाही, कारण प्रत्येक भांड्याचा तोल त्याच्या स्वतःच्या भागांवर बसवलेला असतो. हे सगळं ४०-४५ अंशांच्या उकाड्यात, बॉयलर सूट घामानं अंगाला चिकटलेला, पायाखाली जहाज डोलतंय. पहिल्यांदा हे काम बिनचूक करणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद मी अनेकदा पाहिला आहे. त्या आनंदासाठी मी कुणालाही या व्यवसायात या म्हणेन.

पण प्रामाणिकपणाची परीक्षा वेगळ्या यंत्रावर होते. इंजिनरूमच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी समुद्रात सोडताना त्यात दहा लाखांत १५ भागांहून जास्त तेल चालत नाही. पाण्यातलं तेल वेगळं करणारा सेपरेटर बिघडला असेल, टाकी भरत आली असेल, तेव्हा पाईपची एक चोरवाट करून पाणी सोडून देण्याचा मोह होतो. या ‘मॅजिक पाईप’पायी आणि खोट्या नोंदींपायी अमेरिकेत चीफ इंजिनिअरांनी तुरुंगवास भोगला आहे. तेलाच्या नोंदवहीवर, म्हणजे ऑइल रेकॉर्ड बुकवर, सही आपली असते. टाकी भरली तर भरली असं कळवावं, बंदरात उपसून घ्यावी. दबाव कुणाचाही असो, यात तडजोड नाही.

मुंबईला जहाजी इंजिनांची विद्या नवी नाही. इथल्या गोदीत वाढलेल्या अर्देशीर कर्सेटजी वाडियांनी १८३३ मध्ये ‘इंडस’ ही आगबोट पाण्यात उतरवली आणि १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. आज शिवडीच्या ‘हे बंदर रोड’वर मरीन इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, २००८ पासून इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या छत्राखाली. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घेऊन युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा द्यायची, मग चार वर्षांचं बी.टेक. मेकॅनिकल इंजिनिअर झालेल्यांना साधारण वर्षभराच्या जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंग) अभ्यासक्रमाची वाट आहे. पुढे ट्रेनी म्हणून सहा महिने समुद्रावर आणि मग क्लास फोर या पहिल्या सक्षमता प्रमाणपत्राची परीक्षा. लेखी पेपर पाठांतरानं निघतात. ऑरल्सना, म्हणजे तोंडी परीक्षेला, समोर मुरलेला इंजिनिअर बसतो आणि तुम्ही व्हॉल्व्ह स्वतः उघडला आहे की नाही, हे त्याला दोन प्रश्नांत कळतं. क्लास टू, क्लास वन करत बडा साब व्हायला आठ-दहा वर्षं सहज जातात. मुलींना हे काम झेपेल का, असं अजूनही विचारतात. सोनाली बॅनर्जी १९९९ मध्येच मरीन इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या, एवढं उत्तर पुरे.

कॉलेजपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती पहिल्या नोकरीची. कोकणातल्या, देशावरच्या कितीतरी घरांनी जमीन गहाण टाकून एजंटांना लाखो रुपये दिले आहेत. कुणाला बनावट कागद मिळाले, कुणाला परदेशी बंदरात भंगारात काढलेल्या जहाजावर महिनोन्‌महिने पगाराविना राहावं लागलं. खलाशाकडून नोकरी देण्यासाठी पैसे घेणं बेकायदा आहे, मग एजंट त्याला ‘प्रोसेसिंग फी’ म्हणो की आणखी काही. भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाचा, आरपीएसएल हा भरतीचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. पोराचे कागद कंपनीच्या हातात देण्याआधी तो परवाना क्रमांक यादीत आहे का, त्याची मुदत संपलेली नाही ना, हे आई-वडिलांनी स्वतः बसून बघावं.