एका सामन्याचा खेळाडू : रमाकांत आचरेकर

१/ केवळ धावफलकांवरून इतिहास लिहिला, तर रमाकांत आचरेकरांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येईल. १९३२ साली मालवणात जन्मलेले आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले : १९६३-६४च्या हंगामात, स्टेट बँकेकडून, हैदराबादविरुद्ध.

२/ त्यांचे खरे कर्तृत्व शिवाजी पार्कवर घडले. सरावाच्या वेळी ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. सचिन तेंडुलकरला बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते मिळे. तो नाबाद राहिला, तर त्यालाच. अशी १३ नाणी सचिनने जपून ठेवली.

३/ १९८३च्या विश्वविजेत्या संघातील बलविंदरसिंग संधू आणि २०११च्या संघातील तेंडुलकर, दोघेही त्यांचेच शिष्य. १९९०मध्ये आचरेकरांना द्रोणाचार्य पुरस्कार लाभला. प्रशिक्षकाच्या श्रमांसाठी धावफलकात रकाना नसतो. क्रीडेतिहासाच्या अभ्यासकाने तो स्वतः आखायचा असतो.